तिच्यापेक्षा एक दिवस जास्त

आषाढातल्या एका सकाळी आप्पा नळापाशी घसरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांना दौंडच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी त्यांचा मुलगा सुभाष आईला, पारूबाईंना, शिरूरला आपल्या घरी घेऊन गेला. वरवंडच्या घराला कुलूप लागलं. मी शेजारी, म्हणून किल्ली माझ्याकडे दिली.

मी दौंडच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. आप्पा मला मास्तर म्हणत. मी शिकवत नव्हतो, पुस्तकं सांभाळत होतो, असं मी एकदा सांगून पाहिलं.

"म्हंजी आमच्यासारखंच की," ते म्हणाले. "आमी मेंढरं राखली, तुम्ही पुस्तकं. पर तुमचं बरं. ती कुनाच्या रानात शिरत न्हाईत."

आप्पांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलं. दसरा-दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, पावसाच्या आधी परत यायचं. पुढे शिवारात ऊस वाढला, चराईची रानं गेली, तेव्हा त्यांनी मेंढरं विकली आणि शेती धरली. ऐंशी ओलांडल्यावरही ते उकिडवे बसत आणि हात न टेकता उठत. दिवस मावळायच्या आत जेवत, तेही भूक थोडी शिल्लक ठेवून. "शरीर म्हंजी मेंढरू हाय," असं त्यांचं म्हणणं. "ढिलं सोडलं की दुसऱ्याच्या पिकात घुसतंय, आन् मार आपल्याला बसतोय." उतारवयात त्यांनी तंबाखू सोडली तेव्हा पारावरच्या मंडळींनी थट्टा केली. "आप्पा, आता राह्यलंय काय? खावा की सुखानं!" आप्पांनी शांतपणे उत्तर दिलं, "राह्यलंय म्हनूनच सोडली. सरलं असतं तर तुजीच डबी मागितली असती."

गावात आरोग्य शिबिर झालं तेव्हा तपासणाऱ्या तरुण डॉक्टरने आप्पांना सगळ्यांपुढे उभं केलं. दीर्घायुष्याचं रहस्य या वडीलधाऱ्यांकडून शिका, असं काहीसं तो बोलला. कोणीतरी मागून ओरडलं, "आप्पा शंभरी गाठतात बघा!"

"शंभरी नगं बाबा," आप्पा म्हणाले. "म्हातारीपेक्षा एक दिस जास्त दे म्हनावं देवाला. तिच्या आदी मराया मला मुभा न्हाई."

लोक हसले. मी हसू शकलो नाही, कारण मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो.

पारूबाईंची आठवण गेली होती. आधी मिठाचा डबा सापडेना, मग नातवंडांची नावं, मग हे घर आपलं आहे हेही. राहिली ती तरुणपणातली वाट. मेंढपाळांचा तळ हलतो तेव्हा बाया घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढे जातात, नव्या जागी चूल मांडतात. पुरुष कळप चारत मागून, दिवस कलताना पोचतात. पारूबाई रोज ऊन उतरलं की लुगड्याच्या धडप्यात दोन भांडी बांधत आणि निघत. सुरुवातीला गावी आलेल्या सुभाषने दाराला कडी घातली, तर त्यांनी डोकं आपटून घेतलं. आप्पांनी कडी काढायला लावली.

"जाऊ दी तिला," ते म्हणाले. "मी हाय की मागं."

मग तोच त्यांचा नेम झाला. पारूबाई कॅनॉलच्या कडेने पुढे चालत. आप्पा बरंच अंतर ठेवून, काठी आडवी खांद्यावर टाकून, नसलेल्या मेंढरांमागून येत. वळणावरच्या बाभळीखाली त्या बसलेल्या असत.

"आलात व्हय?"

"आलो. समदी आली. एक बी मागं न्हाई राह्यलं."

एवढं ऐकलं की त्यांचा चेहरा निवे. मग आप्पा त्यांना हाताला धरून घरी आणत आणि भाकरी कुस्करून भरवत. दुसऱ्या कुणाच्या हातचं त्या खात नसत. आप्पांच्या शरीराला एवढी धार कशासाठी लावलेली होती, ते त्या शिबिरातल्या कुणाला दिसलं नव्हतं.

दवाखान्यात शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला पहिलं हेच विचारलं, "सांजच्याला तिच्या मागं कोन जातंय?" शिरूरला आहेत, सून मंगल बघते, असं मी म्हणालो. त्यांनी डोळे मिटून घेतले. "मंगल गुनाची हाय. पर तिला मागनं चालता यायचं न्हाई. ती म्होरं होऊन हात धरंल."

काही दिवसांनी सुभाषने त्यांनाही शिरूरला नेलं. मी गाडीत होतो. भर दुपारी पोचलो. आम्ही दोघांनी आप्पांना खुर्चीसकट उचलून आत ठेवलं. कोपऱ्यात पारूबाई बसल्या होत्या, फार वाळलेल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि सुनेला हळूच म्हणाल्या, "पाव्हनं आल्यात. पानी दे त्यास्नी."

आप्पांनी पाणी घेतलं. पाहुण्यासारखंच घेतलं, भांडं ओठाला न लावता, वरून.

त्यांनी भाकरीचा घास पुढे केला तर त्या लाजून वळल्या. "आमचं मानूस यायचंय अजून," म्हणाल्या. "त्यांच्या आदी कशी खाऊ?" मंगल स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिच्या हातून सासूच्या पोटात चहा आणि भाताची पेज, यापलीकडे काही जात नव्हतं. संध्याकाळी त्या फाटकाशी बसत आणि अंधार पडल्यावर उचलून आत आणाव्या लागत.

मी पुन्हा गेलो तेव्हा आप्पा वॉकर घेऊन गल्लीत चालत होते. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी त्यांना रागवत होती. "आजोबा, सांगितलंय तेवढंच करा!"

"बाई, ह्यो घोडा लई गरीब हाय," आप्पा वॉकरवर थोपटत म्हणाले. "दाना मागत न्हाई. त्याला वाईच लांब न्हेतो." त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. सुभाषने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, यांना समजवा. कुठं जायचंय यांना या वयात?"

मी समजावलं नाही.

त्यांना कुठं जायचं होतं ते कळलं भाद्रपदातल्या एका संध्याकाळी, मी तिथे असताना. आप्पांनी सुभाषला सांगून स्वतःला गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीपाशी नेऊन सोडायला लावलं. वॉकर तिथे ठेवायला लावला आणि काठी मागितली. सुभाष नको म्हणत होता, तरी त्यांनी ऐकलं नाही. तिथून फाटकापर्यंतची गल्ली आमच्यापैकी कुणीही सहज ओलांडली असती. आप्पा ती एकेक पाऊल ठरवून चालले. मधे एका ओट्याला टेकले तेव्हा मला वाटलं, संपलं. मग पुन्हा निघाले. एक दुचाकी अगदी अंगाजवळून गेली, पोरांचा चेंडू आला, त्यांनी कशाकडे पाहिलं नाही. फाटक जवळ आल्यावर त्यांनी काठी आडवी करून खांद्यावर टाकली. आधार सोडून उरलेलं अंतर ते तसेच आले.

पारूबाई बघत होत्या. "लई उशीर क्येलात," त्या म्हणाल्या.

"नदीला पानी व्हतं. थांबलो."

"समदी आली?"

"समदी आली."

त्या रात्री त्यांनी आप्पांच्या हातून भाकरी खाल्ली.

त्यानंतर आप्पा रोज गिरणीपर्यंत नेले जात आणि रोज चालत परत येत. मंगल म्हणाली, आत्तींच्या अंगावर पुन्हा मांस धरलंय. आप्पांच्या अंगावरचं मात्र उतरत होतं. डॉक्टरने पाऊस-थंडीत बाहेर पडू नका म्हणून बजावलं होतं. पौषात त्यांना खोकला धरला. दोन संध्याकाळ ते तशातच गेले. मग छाती भरली आणि दवाखान्यात नेलं. मी वरवंडहून पोचलो तेव्हा नाकाला नळी होती. त्यांनी मला खूण करून वाकायला सांगितलं.

"मास्तर, म्याल्याचं तिला सांगू नगा. मागं हाय म्हना."

पहाटे ते गेले. इतकी वर्षं एका शरीराची एवढी राखण केली, आणि ते नेमकं आधी गेलं. याचा मला काही अर्थ लावता आलेला नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी नात्यातल्या एक थोरल्या बाई पारूबाईंचं कुंकू पुसायला आणि बांगड्या उतरवायला आल्या. मंगल मधे उभी राहिली. एरवी सासरच्यांपुढे तिचा आवाज फुटत नसे.

"त्यांना हात लावू नका," ती म्हणाली. "त्यांचा माणूस मागं आहे."

"अगं, लोक काय म्हनतील?"

"म्हणू द्या."

मी अधूनमधून शिरूरला जाऊन येतो. आता सुभाष कामावरून आला की वडिलांची काठी घेऊन गिरणीपासून चालत येतो, आणि पारूबाई कधी त्याच्या हातचं खातात, कधी पाहुणा समजून पदर घेतात. त्या कुंकू लावतात. तपासायला येणारा डॉक्टर सांगतो की हृदय, रक्तदाब, सगळं उत्तम आहे, त्या अजून पुष्कळ वर्षं जगतील.