बर्फातलं हरीण

हफ्र अल बातिनमधल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मी चौदा वर्षं काउंटर सांभाळला. मग फर्मान निघालं, काउंटरवर सौदीच हवा. माझा कफील, म्हणजे मालक, माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "अल खफजीत माझ्या दोस्ताचं मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे. शुक्रवारी त्याला जेवायला बोलावतो. तू पसंत पडलास तर तुझा इकामा, इथला राहायचा परवाना, तो स्वतःच्या नावावर करून घेईल. नाहीतर खलास." खलास म्हणजे रत्नागिरीला परत. आणि तिकडे पाच माणसं माझ्या जिवावर बसलेली.

दोस्ताला हरणाचं मटण खिलवायचं कफीलने मनात घेतलं. शिकारीला बंदी होती, पण मालकाला सांगणार कोण? भर उन्हाळा. शुक्रवारी पहाटे निघालो, दहापर्यंत नुसती वाळू. मग एका खुरट्या बाभळीच्या सावलीत हरीण दिसलं, आपल्या चिंकाऱ्याएवढं. उन्हाने इतकं थकलेलं की गाडी बघूनही हललं नाही. मला तेव्हाच वाईट वाटलं. कफीलने गोळी झाडली, मी धावत जाऊन सुरी फिरवली.

पोट काढायला बसलो तर तो म्हणाला, "राहू दे. अख्खं दाखवायचंय त्याला."

बकरी ईदला पोट काढायला उशीर झाला की मटण कसं नासतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळत नव्हतं असं नाही. पण त्या घडीला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. वर शहाणपणा केला, "काळजी नको. आमच्या घरात तीन पिढ्या मासळी अख्खीच बर्फात घालतात. संध्याकाळपर्यंत ताजं राहील." कफील खूश झाला. गाडीतल्या बर्फाच्या पेटीत मी हरीण अख्खंच घातलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. परतीच्या वाटेवर तर मी मनातल्या मनात खफजीत कामाला लागलोसुद्धा होतो.

संध्याकाळी पाहुण्याने स्वतःच पेटीचं झाकण उघडलं. हरणाचं पोट टम्म फुगलं होतं. वास असा सुटला की तो दोन पावलं मागे सरला.

"बर्फात कोणी घातलं?"

"मी," मी म्हणालो.

'अख्खं ठेवायला मीच सांगितलं होतं,' एवढं कफीलने म्हणावं म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो पेटीत बघत होता.

पाहुणा हात धुवायला गेला. बाहेरून कोंबडी मागवली. इकाम्याचा विषय कोणी काढला नाही, आणि ताटं मीच वाढली.