घरचं वायफाय सार्वजनिक केलं तेव्हा

आई गेली त्या वर्षी आम्ही नवरात्रात गोलू मांडला नाही. यंदा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हट्टाने मांडला. बाहुल्यांच्या पायऱ्या बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते वाटीभर फोडणीच्या चण्यांचं सुंडल देत आणि मागितला तर वायफायचा पासवर्डही. आलेल्याला घरात काही नाही म्हणायचं नसतं, हा त्यांचा तंजावरी बाणा. नऊ दिवसांत अर्ध्या गल्लीचे फोन आमच्या नेटवर्कमध्ये घुसले.

मी शहराबाहेर गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. रोजचा दोन्ही वेळचा प्रवास, आणि वर घरातली सगळी यंत्रं माझ्याच गळ्यात. दसऱ्यानंतरच्या रविवारी वैतागून कॉम्प्युटरसमोर बसलो आणि फायरवॉल चालू केली. हे नेटवर्क खाजगी की सार्वजनिक, असं कॉम्प्युटरने विचारलं. एवढी माणसं येऊन गेलेल्या घराला खाजगी कोण म्हणेल? मी सार्वजनिक निवडलं आणि आडवा झालो.

त्या कॉम्प्युटरवर आईचा फोल्डर होता. तिने ताईला फोनवर पाठवलेले आवाजी निरोप मी त्यात जमवले होते. टी. नगरच्या दुकानदाराने साडी बदलून दिली नाही म्हणून चिडलेली आई, रव्याचं प्रमाण सांगणारी आई, ताईने फोन केला नाही म्हणून रुसलेली आई. अप्पा रोज संध्याकाळी हॉलमधल्या टीव्हीवर ते ऐकत. मी दमून घरात शिरायचो तेव्हा बहुतेक रवाच चालू असायचा.

सार्वजनिक निवडलं की कॉम्प्युटर घरातल्या इतर यंत्रांना दिसेनासा होतो. टीव्हीवरून फोल्डर गेला. हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं, आणि अप्पांनी अवाक्षर काढलं नाही. आठवडाभर घर शांत होतं. खरं सांगतो, मला ते बरं वाटत होतं. का शांत आहे हे विचारायचेही कष्ट मी घेतले नाहीत.

पुढच्या रविवारी ताईचा फोन आला. आईचे निरोप परत पाठव म्हणून अप्पा तिच्या मागे लागले होते, आणि तिचा तर जुना फोन केव्हाच बिघडला होता. मी तणतणत हॉलमध्ये गेलो. टीव्ही बिघडला तर मला सांगायचं नाही का, असं विचारलं.

अप्पा कढीपत्ता निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "तूंच काढलास समजलों. दीड वर्ष झालं की. तुला पुरे वाटलं असेल."

चूक कॉम्प्युटरमधली होती, पण ते म्हणत होते त्यात खोटं काहीच नव्हतं, याची मला लाज वाटली. जाऊन नेटवर्क खाजगी केलं, पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढलं, फोल्डर पुन्हा घरातल्या यंत्रांसाठी खुला केला. टीव्हीवर तो दिसल्यावर अप्पांना हाक मारली.

त्यांनी रिमोट हातात घेतला, पण काही लावलं नाही.

"उद्यापासून तूं यायच्या आधी ऐकून संपवतों," ते म्हणाले.

तसं नको, असं मी म्हणालो. पण म्हणायला जरा उशीर झाला, आणि तोवर त्यांनी टीव्ही बंद केला होता.