उष्टी मशीन

दुकानदार जिला सेफ्टी रेझर म्हणतो, ती आमच्याकडे 'मशीन'. तिच्यात घालायचं ब्लेड म्हणजे 'पत्ती'. आणि दाढी झाल्यावर न धुता ठेवलेली मशीन म्हणजे 'उष्टी'. पहिले दोन शब्द गोंदिया जिल्ह्यात कुणालाही विचारा, कळतील. तिसरा फक्त आमच्या घरचा आहे, माझ्या आजोबांनी काढलेला, आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

आजोबांच्या तरुणपणी गावात न्हावी होता, पण तो आमच्या मोहल्ल्यात येत नसे. साऱ्या गावाची दाढी त्याच्या हातून व्हायची, आमच्या माणसांची नाही. आमची माणसं चिंचेखाली बसून एका बोथट वस्तऱ्याने एकमेकांची दाढी करत आणि गालांवर चिरा घेऊन घरी येत. न्हाव्याने आमच्यापैकी एकाच्या गालाला हात लावला असता, तर बाकीच्या गावाने त्याला दारात उभं केलं नसतं. म्हणून मी त्याला एकट्याला दोष देत नाही. द्यायचा तर साऱ्या गावाला द्यावा लागेल, आणि तो मी देतेच.

नागपूरहून दीक्षा घेऊन आजोबा परतले तेव्हा त्यांच्या पिशवीत ही मशीन होती. आत्या म्हणते, खोटं आहे, मशीन पुढे कधीतरी गोंदियाच्या बाजारातून आणली. यावरून आत्याचं आणि माझं कैकदा वाजलं आहे. कुठूनही आणलेली असो, त्यानंतर आजोबांनी चिंचेखाली बसणं सोडलं. रोज सकाळी अंगणात खाटेवर आरसा टेकवून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं बसून ते आपली दाढी आपण करायचे. गावात रोज दाढी करणारं दुसरं कुणी नव्हतं, अगदी पाटीलसुद्धा. ही गोष्ट सांगताना माझा आवाज आजही चढतो, शेजारी बसलेल्यांनी समजून घ्यावं.

आता उष्टीबद्दल. आजोबांच्या आईने गावात दारोदार फिरून उष्टं आणलं होतं आणि त्यावर पोरं जगवली होती. दीक्षेनंतर आजोबांनी घरात सांगून टाकलं की इथे उष्टं येणार नाही, खाल्लं जाणार नाही आणि पडून राहणार नाही. जेवलेलं ताट लगेच धुवायचं. चहाचा कप लगेच विसळायचा. फेस आणि केस चिकटलेली मशीन त्यांच्या लेखी त्याच रांगेत होती. कुणी ती तशी ठेवलेली दिसली की ते ओरडत नसत, फक्त विचारत, "हे कोनाचं उष्टं?" आणि ज्याचं असेल तो धावत सुटे.

मी शाळेत जायला लागले तोवर आजोबा थकले होते आणि मशीन बाबांकडे आली होती. बाबा वनरक्षक होते. नवेगाव बांधच्या जंगलात पायी फिरायचे, पण खाकी कपडे कडक आणि गाल गुळगुळीत असल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत. मशीन धुण्याचं काम माझ्याकडे आलं. भावाकडे नाही. तो माझ्याहून लहान आणि पहिल्यापासून धांदरट, त्याच्या हाती पत्ती द्यायची कुणाची छाती झाली नसती.

काम तसं सोपं, पण क्रम चुकवायचा नाही. आधी मशीन तशीच पाण्यात हलवायची, म्हणजे मोकळे केस निघून जातात. मग दांडा फिरवून तिचे तीन भाग वेगळे करायचे. वरची टोपी, मधली दात्यांची पाटी आणि दांडा. पत्ती दोन्ही बाजूंच्या आखूड कडांना धरून उचलायची आणि फक्त पाण्याखाली धरायची. तिला फडक्याने पुसायचं नाही, धार जाते आणि बोटही जातं. दात्यांत आणि दांड्याच्या आट्यांत साबण बसतो, तिथे जुना दात घासायचा ब्रश फिरवायचा. सगळं झटकून कापडावर पालथं घालायचं आणि वाळल्यावरच पुन्हा जोडायचं. चिंच किंवा राख लावायला सक्त मनाई. पितळेची भांडी त्याने उजळतात, पण मशीनचा मुलामा जातो. मुलामा तरीही गेलाच, वापरून वापरून. आतलं पिवळं पितळ आता सगळीकडून दिसतं आणि मला ते मुलाम्यापेक्षा देखणं वाटतं.

ठेवायची जागाही ठरलेली होती. न्हाणीत नाही, तिथे ओल असते. मधल्या खोलीतल्या कोनाड्यात, उभी, डोकं वर. पावसाळ्यात मात्र आमच्या भागात मिठाला पाणी सुटतं, तिथे लोखंडाच्या पत्तीची काय कथा. तेव्हा पत्तीला मोहाच्या तेलाचं बोट लावायचं आणि मशीन पत्र्याच्या डब्यात, भाजलेल्या तांदळावर ठेवायची. मिठाच्या बरणीत तांदूळ टाकतात त्यातलाच प्रकार. धान पिकवणाऱ्या जिल्ह्यात दुसरं काय सुचणार?

पुढे मी शिक्षिका झाले, लग्न होऊन गोंदियाला आले. बाबा निवृत्त झाले, आई गेली, भाऊ-भावजय गावी त्यांच्याजवळ राहिले. बाबांची दाढी रोज होतच होती आणि मशीन ते स्वतः धूत होते. गावातल्या त्या न्हाव्याच्या नातवाने आता सडक अर्जुनीला सलून टाकलं आहे, फिरती खुर्ची, मोठे आरसे. तिथे सगळे जातात, कुणी कुणाला काही विचारत नाही. भाऊ तर तिथला ठरलेला गिऱ्हाईक. पण बाबांच्या चेहऱ्याला आजवर कुठल्याही न्हाव्याचा हात लागलेला नाही. केसांचं म्हणाल, तर टक्कल लवकर पडल्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला होता.

मग बाबांचे हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी वाजायची, नंतर गालावर रक्त दिसायला लागलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थोडा फरक पडला, फार नाही. एके दिवशी हनुवटीवर खोल चीर पडली आणि त्यानंतर बाबांनी दाढी करणं सोडलं. गाल पांढरे होत गेले. आधी ते विहारात जायचे थांबले, मग अंगणात बसायचे थांबले.

हे मला कळलं ते भावाच्या मुलीच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, तयारीसाठी मी गावी गेले तेव्हा. साक्षगंध दोन दिवसांवर आलं होतं. बाबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"बाबा, नवरदेवाकडचे तुम्हाला आधी विचारतील," मी म्हटलं. "समोर बसावं लागेल."

"मी मागं बसतो. नाहीतर घरीच राहतो," ते म्हणाले.

"काऊन?"

"असं तोंड घेऊन कायले जाऊ? पोरीचा फोटो खराब होईल."

भावाने सलूनवाल्याला घरी बोलवायचं सुचवलं. तो आनंदाने आला असता. बाबा उठून बसले. "पोरगा चांगला हाय. त्याच्या आज्यानं नाही केली म्हणून त्याले मी बोल लावत नाही. पण माह्या बापानं मले सांगितलं का आपल्या तोंडाले आपलाच हात. आता म्हातारपणी ते मोडू का?" एवढं बोलून ते पुन्हा भिंतीकडे वळले.

ज्या माणसाच्या गालावर मी जन्मात कधी खुंटसुद्धा पाहिले नव्हते, तो नातीच्या साक्षगंधाला तोंड लपवून बसणार होता. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. कुणावर काढावा ते कळेना. ती सोय भावाने करून दिली.

"मशीन कुठे आहे?" मी विचारलं. कोनाडा रिकामा होता.

भाऊ कपाटातून एक गुंडाळी घेऊन आला. प्लास्टिकची पिशवी, वर रबर, वर आणखी एक पिशवी. बाबांच्या नजरेला पडू नये, त्यांना वाईट वाटू नये म्हणून त्याने मशीन दडवून ठेवली होती. मन चांगलं होतं त्याचं, अक्कल तेवढी कमी पडली. पिशवी उघडली तर आत शेवटच्या दाढीचा फेस दगडासारखा वाळलेला, त्यात पांढरे खुंट, पत्ती गंजून पाटीला चिकटलेली. ओली मशीन, हवाबंद पिशवीत, सारा पावसाळाभर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उष्टी ठेवली तू हिला," मी म्हटलं. "या घरात." भाऊ पन्नाशीला आलेला माणूस, पण मान खाली घालून उभा राहिला. भावजय स्वयंपाकघरातून डोकावून परत आत गेली.

साक्षगंधाची खरेदी मी बाजूला टाकली. अंगणात पाट घेतला आणि मशीन घेऊन बसले. कोमट पाण्यात साबणाचा चुरा टाकून ती भिजत ठेवली. दांडा फिरेना, म्हणून आट्यांत तेल सोडलं आणि वाट पाहिली. मग तो सुटला. गंजलेली पत्ती काडीने उचकटून काढली आणि जुन्या पत्त्यांच्या डब्यात टाकली, म्हणजे गाईच्या तोंडात किंवा कुणाच्या पायात जायला नको. पाटीवर पत्तीच्या आकाराचा तांबूस डाग उमटला होता. लिंबाचा हात फिरवून लगेच धुतला, पुन्हा फिरवला, पुन्हा धुतला. दात्यांतली घाण सुईने कोरली. डाग पूर्ण गेला नाही, फिका झाला. पण उन्हात वाळत ठेवल्यावर पितळ असं पिवळंधमक झालं की मी शेजारणीला बोलावून दाखवलं. तिला त्यात पाहण्यासारखं काय ते कळलं नाही.

आता मशीन होती, हात हवा होता. मी ठरवलं की बाबांची दाढी मी करणार. इतकी वर्षं मशीन धुतली, तिचा कानाकोपरा मला पाठ, पण ती कुणाच्या गालावर मी कधी चालवली नव्हती. सरावाला गाल लागणार होता. मी भावाकडे पाहिलं. तो म्हणाला, "ताई, मी परवाच सलूनमध्ये जाऊन आलो."

"मग आज पुन्हा कर," मी म्हटलं. "पिशवीत गुंडाळताना विचार करायचा होता."

तो निमूट अंगणात खुर्चीवर बसला. मी फेस लावला, नवी पत्ती घातली आणि सुरुवात केली. पहिल्याच ओढीला तो कळवळला. दुसऱ्या ओढीला रक्त. शिक्षा आणि सराव एकाच वेळी चालला होता, आणि खरं सांगायचं तर मला दोन्हींचं समाधान होतं.

"दाबून कायले राहिली?"

आवाज दारातून आला. बाबा चौकटीला धरून उभे होते. केव्हा येऊन उभे राहिले कुणास ठाऊक.

"मशीनले वजन हाय तिचं. ते तिले करू दे. तू फक्त धरून राय. आन पत्ती सरळ नोको टेकवू, जरा तिरपी."

मी तिरपी धरली. मशीन फेसातून आवाज करत खाली आली आणि मागे स्वच्छ पट्टा उमटला. भावाने डोळे उघडले.

"केसं जिकडं जातेत तिकडंच ने. उलटी नोको. गालाचं कातडं दुसऱ्या हातानं तान. असं. दोन ओढी झाल्या का पान्यात हलव." बाबा बोलत बोलत खुर्चीपर्यंत आले होते. मी हनुवटीपाशी आले तसे ते आणखी जवळ आले, शेवटी त्यांना राहवेना. त्यांनी आपला हात माझ्या मनगटावर ठेवला. हाताची थरथर माझ्या हातात आली, मशीनपर्यंत गेली. भावाने श्वास रोखला. बाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, आणि स्वतःच तो काढून घेतला. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला पाहवलं नाही, म्हणून मी हनुवटीवरच लक्ष ठेवलं आणि ती एकही चीर न पाडता पूर्ण केली.

बाबांनी भावाच्या गालावरून बोटं फिरवली. उलट्या बाजूनेही फिरवली.

"सरक," ते भावाला म्हणाले. "आता मी बसतो."

वाढलेली दाढी मी आधी कात्रीने बारीक केली, मग मशीन चालवली. साक्षगंधाच्या सकाळी मी त्यांची पुन्हा एकदा दाढी केली, या वेळी त्यांना एका शब्दाने बोलावं लागलं नाही. पांढरा सदरा घालून ते मंडपात अगदी समोर बसले, नातीच्या शेजारी, आणि फोटोवाल्याने पाठीमागच्यांना सरकवलं तरी ते जागचे हलले नाहीत. गावातले बरेच जण होते. तो सलूनवालाही आला होता. पाया पडायला वाकला आणि सरळ होताना धंद्याच्या नजरेने त्याने बाबांचा गाल पाहिला.

"काका, मस्त झाली दाढी. कोनी केली?"

"पोरीनं," बाबा म्हणाले. शेजारचे दोघे-तिघे वळून माझ्याकडे पाहायला लागले.

तो हसून म्हणाला, "मंजे शेवटी दुसऱ्याच्या हातानं करावी लागली ना, काका."

मंडपात गलका होता, तरी बाबांनी आवाज चढवला नाही.

"दुसऱ्याचा कायचा?" ते म्हणाले. "माहाच हात होय तो. फक्त हालत नाही."