फुकट नकाशे, चोरीचे नाहीत

विजूदादा विमान उतरवायच्या आधी चपला काढायचा. आंधळगावात त्याच्या घरी मी पहिल्यांदा गेलो ते विणकर संघटनेची पत्रकं वाटायला, आणि दारातूनच हे पाहिलं. मधल्या खोलीत एकेकाळी त्याच्या वडिलांचा खड्डामाग होता. माग विकला गेला, खड्डा आणि त्यातल्या पायपट्ट्या राहिल्या. त्या खड्ड्याच्या काठावर, विणकर बसतो त्याच जागी, विजूदादा बसला होता. समोर जुन्या संगणकावर विमान उडवायचा खेळ, पाय खाली खड्ड्यात, मागाच्या लाकडी पायपट्ट्यांवर. त्या पायपट्ट्या त्याने एका मोडक्या जॉयस्टिकच्या तारांना जोडल्या होत्या आणि पायांनी तो विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवत होता. पडद्यावर नुसते ढग.

"चूप बस गा जरा," तो वळून न बघता म्हणाला. "नागपूर अजून दिसून नाही राहिलं."

नागपूर दिसलं, विमान टेकलं, मग त्याने माझ्या हातातलं पत्रक घेतलं आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. आमची पत्रकं शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. वाचून झाल्यावर म्हणाला, "याच्यावर तारीख काहून नाही? जुनं का नवं, लोकांले कसं समजन?" मी म्हणालो, अन्याय जुना आहे आणि नवाही आहे. तो हसला. "ते ठीक हाये. पण सभा कवाची हाये ते त लिहा."

त्याला लाल आणि हिरवा रंग वेगळे दिसत नसत. हे घरच्यांना कळलं ते मागावरच. लाल काठाच्या लुगड्यात त्याने मध्येच हिरव्या सुताची कांडी लावली आणि हातभर विणून मोकळा झाला. वडिलांनी त्याला उन्हात नेलं, दोन कांड्या समोर धरल्या आणि विचारलं, यात लाल कोणती? त्याने खूप वेळ पाहिलं आणि चुकीची दाखवली. कोष्ट्याच्या घरात याचा अर्थ एकच होता, या पोराचा माग संपला. त्यानंतर त्याने वैमानिक व्हायचं मनात घेतलं आणि त्यासाठीच्या डोळ्यांच्या तपासणीत डॉक्टरने रंग ओळखायचं ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक उघडलं. ही गोष्ट तो विनोदासारखी सांगायचा. "डॉक्टर म्हणे, आकडा कोणता? म्या म्हणलो, आकडा कुठं हाये ते आधी दाखवा." ऐकणारे हसायचे. तोही हसायचा, आणि मग लगेच कुठल्यातरी विमानतळाचं हवामान बघायला लागायचा.

विमान उतरवताना त्याच्या हातात एक कागद असायचा, त्याला अप्रोच चार्ट म्हणतात. धावपट्टीकडे कुठून वळायचं, कुठे किती उंचीवर यायचं, ढगात काही दिसलं नाही तर कुठवर खाली जायचं आणि कुठून मुकाट परत वर उचलायचं, हे सगळं एका पानावर असतं. कंपन्या हे चार्ट रंगीत छापून विकतात. पण बहुतेक देशांची सरकारं तेच चार्ट आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवतात, जाहीर, सगळ्यांसाठी, फक्त ते शोधून सापडत नाहीत. त्यांच्या नावात आकडे असतात आणि पानं अशी रचलेली असतात की ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच ती मिळावीत. आपल्या देशात ज्ञानाला कुलूप लावावं लागत नाही, फक्त पाटी काढून ठेवली की पुरतं. विजूदादाने त्या पाट्या परत लावल्या. सरकारी चार्ट बहुतेक काळ्या-पांढऱ्यात असतात. "हे आपल्यासाठीच छापले," तो म्हणायचा. "याच्यात लाल-हिरवं काही लागत नाही."

त्याचं एक पान होतं इंटरनेटवर, मराठीत. नाव, 'फुकट नकाशे, चोरीचे नाहीत'. कोणत्या देशाचे चार्ट कुठे मिळतात, मार्ग आखायला कोणतं साधन चांगलं, इंधनाचा हिशेब कुठे होतो, विमानतळाच्या हवामानाचा आखूड, सांकेतिक मजकूर कसा वाचायचा, सगळं पायरीपायरीने लिहिलेलं. दर चार आठवड्यांनी जगभरचे चार्ट बदलतात, की हा बसून सगळे दुवे तपासायचा. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत सूचना: हे खेळण्यासाठी आणि शिकण्यासाठी आहेत, खरं विमान यावर उडवू नये. मी म्हणालो, आंधळगावात खरं विमान कोण उडवणार आहे? तो म्हणाला, "आपल्या जिल्ह्याचे दोन झाले, धावपट्टी गोंदियाच्या हिश्शाले गेली, ढग आपल्या. पण कोणी वाचन, कुठं वाचन, काय सांगता येते?"

एकदा मी मोठ्या उत्साहाने पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. त्यात विकतच्या रंगीत चार्टांचा पूर्ण संच होता, कुणीतरी कुलूप तोडून काढलेला. मला वाटलं, कंपन्यांकडून ज्ञान हिसकावून आणलं. विजूदादाने तो संगणकाला लावलाही नाही.

"ज्यानं हे मेहनतीनं बनवले त्याले पोट हाये," तो म्हणाला. "त्याचं त्याच्यापाशी राहू दे. अन् जे सरकारनं फुकट ठेवलं ते आपलं हाये, ते आपण मांगून घेऊ. दोन्हीत घोळ करू नोको."

"पण लोकांना मिळणं महत्त्वाचं ना?"

"मिळते ना. इचारलं त सांगाव लागते, बस. इचारणाऱ्याले नाही म्हणू नाही."

हे त्याचं नेहमीचं वाक्य होतं. कोल्हापूरकडचा कुणी, अकोल्याची एक शिक्षिका, कुठलासा ट्रकचालक, असे कोणकोण त्याला लिहून विचारायचे आणि तो प्रत्येकाला उत्तर द्यायचा. माझ्या घरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पत्रकं होती, समतेवर भाषणं होती. समता प्रत्यक्ष करणारा माणूस मात्र मी त्या खड्ड्यात बसलेला पाहिला.

मग नागपूरच्या एका वर्गाने त्याला बोलावलं. मोठ्या घरच्या मुलांना वैमानिक होण्याआधीचं शिक्षण देणारा हा वर्ग. त्यांच्याकडे खऱ्या आकाराचं कॉकपिट होतं, खरी खुर्ची, खरे दांडे, तिन्ही बाजूंना पडदे. संचालकाने त्याचं पान पाहिलं होतं. म्हणाला, हे यंत्र सांभाळायला तुमच्यासारखा माणूस पाहिजे. फक्त ते पान बंद करा. आम्ही विद्यार्थ्यांना चार्टांचा संच देतो, तो आमच्या शिक्षणाचा भाग आहे, तुमचं पान असलं की तो कोण घेणार?

संच म्हणजे तेच सरकारी चार्ट, छापून, बांधून, वर वर्गाचं नाव. मी भडकलो. म्हणालो, याच्यावर पत्रक काढतो, चौकाचौकात लावतो. विजूदादा बराच वेळ पायपट्ट्या खालीवर करत बसला. शेवटी म्हणाला, "तुले काय सांगू. खऱ्या खुर्चीत बसाले भेटन मले. डॉक्टरची गरज नाही तिथं." पान त्याने स्वतःच्या हाताने काढलं. मी पत्रक काढलं नाही, कारण ज्याच्या बाजूने काढायचं तोच त्या वर्गाच्या दारातून आत गेला होता.

खुर्चीत बसायला त्याला मिळालं नाही. यंत्राचा प्रत्येक तास कुणाच्यातरी नावावर असायचा. त्याने यंत्र चालू करायचं, पुसायचं, बिघडलं तर दुरुस्त करायचं आणि मागे उभं राहायचं. आठवड्याच्या सुट्टीला तो घरी यायचा. मी विचारायचो, खुर्चीत बसला का? तर म्हणायचा, "मांगं उभं राहून पाहतो, दिसते बरोबर."

आणि मग एके दिवशी नोकरी सोडून तो घरीच आला. जे घडलं ते त्याने मला एकदाच सांगितलं. सिहोऱ्याची एक मुलगी होती वर्गात, माधुरी नावाची, कशीबशी फी भरून आलेली. संच घ्यायची तिची ऐपत नव्हती. ती त्याला म्हणाली, सर, आधी मी एका मराठी पानावरून शिकत होती, आपल्याच जिल्ह्यातल्या कोणाचं तरी होतं, ते बंद झालं. असे फुकटचे चार्ट अजून कुठे मिळते, तुमाले माहीत हाये काय? संचालक पाच पावलांवर उभा होता.

"म्या म्हणलो, मले माहीत नाही," विजूदादा म्हणाला. "सारे पत्ते पाठ हाये मले. अन् म्या म्हणलो, मले माहीत नाही, काउंटरवरून संच घ्या."

लोक मला विचारतात, ते पान परत का नाही आलं? विजूदादा आता रायपूरला एका गोदामात पहारा करतो, संगणक त्याने भाच्याला देऊन टाकला. नोकरी सोडून आला तेव्हा पान परत उभं करायला तो तयार होता, त्याआधी त्याला फक्त एक काम करायचं होतं. माधुरीला ते चार्ट द्यायचे होते, स्वतःच्या हाताने.

त्यासाठी तो पुन्हा खड्ड्याच्या काठावर बसला. मधल्या काळात अर्धे पत्ते बदलले होते. एका ठिकाणी आता नाव नोंदवावं लागत होतं, मार्ग आखायचं त्याचं आवडतं साधन विकत झालं होतं. त्याने नव्याने सगळं शोधलं, नागपूर, गोंदिया, रायपूर, जबलपूरचे चार्ट छापून घेतले, प्रत्येकावरची तारीख पाहिली. त्याबरोबर हाताने लिहिलेलं एक पान, पुढे स्वतः कसं शोधायचं याचं. कापणीच्या दिवसांत ती घरी असेल या हिशेबाने आम्ही तुमसरवरून बस बदलून सिहोऱ्याला गेलो. धानाची कापणी झाली होती. माधुरीच्या अंगणात धान वाळत घातलं होतं आणि ती आईबरोबर ते पायाने फिरवत होती.

विजूदादाला बघून ती थांबली. "सर, तुम्ही?"

"मले माहीत होतं," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "ते पान माह्यंच होतं. तवा तुले खोटं सांगतलं. हे घे."

तिने कागद घेतले, एकएक करून पाहिले. रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला त्या वेळी वाटलं आणि आजही वाटतं.

"म्या सोडलं सर ते," ती म्हणाली. "तुमसरले नर्सिंगले जाऊन राहिली आता."

"का सोडलं?"

"तुम्ही माहीत नाही म्हणले ना. मले वाटलं, यंत्रापाशी राहते त्या सरलेच माहीत नाही, त असं फुकट काही नसनच. ते पान लिहिणाराही खोटाच असन." मग त्याला वाईट वाटू नये म्हणून हसून म्हणाली, "बसा ना सर, चहा ठेवतो."

विजूदादा बसला नाही. तो तिला पहिल्या कागदाचा कोपरा दाखवू लागला, इथे तारीख असते, ही आधी बघायची, पुढच्या महिन्यात हे जुने होतील. ती मान हलवत होती, जशी आपण घरी आलेल्या पाहुण्यासमोर हलवतो. तेवढ्यात तिची आई जवळ आली, तिने कागद हातात घेतले आणि उलटे करून पाहिले.

"मांगून कोरे हाये," ती म्हणाली. "राहू दे, लहानीले गणितं सोडवाले होतीन."

माधुरी ओशाळली. "आई, तसे नाही ते."

विजूदादाने हात पुढे करून कागदांची चळत सरळ केली, कडा जुळवल्या आणि त्या बाईंकडे परत दिली.

"होतीन ना काकू," तो म्हणाला. "कागद जाड हाये. शाई मांगं उतरत नाही."