शेजारणीची पानफुटी

सुरतेजवळ कडोदऱ्याला आमच्या शेजारच्या खोलीत ती राहायची. नवरा कापडाच्या लूमवर जायचा, ती दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवत बसायची. दारात तेलाच्या डब्यात तिची पानफुटी होती. धुळ्याकडच्या माहेराहून, आईने लावलेल्या झाडाचं एक पान तिने लुगड्याच्या घडीत आणलं, त्याच्याच कडांना कोंब फुटून एवढं झाड झालं. “येले मन्ही मायना हात लागेल शे,” असं ती प्रत्येकाला ऐकवायची. मुतखड्यासाठी कुणी पान मागितलं की दोन द्यायची. एक खायला, एक मातीवर ठेवायला.

एका उन्हाळ्यात तिची आई गेल्याची तार आली. दिवसकार्य उरकून ती परतली. भावाने माहेरच्या ओट्याला फरशी बसवताना आईची पानफुटी उपटून टाकली, एवढंच बोलली. मग चाळीत घरोघर विचारत सुटली.

“ताई, मी दिलेलं जगलं ना?”

मी खरं ते सांगितलं. यांच्या मुतखड्यापायी आम्ही दोन्ही पानं खाल्ली होती.

ती रागावली नाही. आपल्या डब्यातलं नवं पान आणून तिने आमच्या कुंडीत स्वतःच्या हाताने ठेवलं.

“हे खाऊ नका, ताई. एका घरची उपटली तरी दुसऱ्या घरी माय राहील.”

पुढे यांना पुन्हा खडा झाला. आम्ही मुकाट डॉक्टरकडे गेलो.