शिवेबाहेर टाकलेला फोटो

रामबाईचा पाय मोडला तो दवनीवाड्याच्या रस्त्यावर, भरदुपारी, चार माणसांच्या देखत. शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवून ती घरी निघाली होती. मागून रेतीचा टिप्पर आला. ती पार कडेला सरली, तरी त्या मेल्याला रस्ता पुरला नाही. नडगीचे हाड मधोमध मोडले. गोंदियाच्या एका खासगी दवाखान्यात एक्सरे निघाला, प्लास्टर झाले, पुढे कुबडी आली. मग घरात दिवसभर एकच आवाज: खट् कुबडीचा, घस्स पायाचा. खट्, घस्स.

हाड जुळले, असे डॉक्टर म्हणाला. दुखणे मात्र जाईना. शाळेने थोडी वाट पाहिली आणि गावातल्या टेकचंदच्या बायकोला चुलीपाशी बसवले. शाळेला तरी काय बोल लावायचा, पोरांना भूक लागतेच.

रामबाई विधवा, तोंडाची फटकळ. मुलगा ओमेश्वर तिरोड्याला कामाला, सुट्टीपुरता घरी. घरात ती आणि सून रुचि, आणि रुचिला दिवस गेलेले. गावातल्याच राजदीप वकिलाने टिप्परच्या विमा कंपनीवर भरपाईचा दावा लावला होता. एक्सरे जपून ठेवा, असे त्याने दोनदा बजावले होते. आणि नेमकी तिथेच बाईने माती खाल्ली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत असते. पहाटे सारे गाव उठते. फुटके सूप, झिजलेला झाडू, आजाऱ्याचे फडके, पीडेचे म्हणून जे काही घरात असेल ते उचलते आणि "घेऊन जाय गे मारबत!" असे ओरडत शिवेबाहेर, नाल्याकाठच्या मोहाच्या झाडाखाली फेकून येते. मागे वळून पाहायचे नाही. तिथले काही परत आणायचे नाही. रामबाईची सासू सांगायची, "टाकली पीडा घरी आनली, त तिले जो दार उघडते त्याच्याच आंगात बसते." त्या पहाटे रामबाईने कुबडी टाकली आणि तिच्याबरोबर एक्सरेही टाकला. तिचा हिशेब सरळ होता. मोडलेले हाड त्या फोटोतच दिसते, मग पीडा आणखी कुठे राहणार?

हसा, खुशाल हसा. पण त्याच दुपारी रामबाई भरलेली घागर कमरेवर घेऊन विहिरीवरून चालत आली. दुखणे साफ गेले होते. बायका तोंडात बोट घालून पाहत राहिल्या.

हिवाळ्यात राजदीप आला, तोंड उतरलेले. "काकू, विमा कंपनीचा वकील म्हणून राहिला का टिप्परनं हाड मोडलंच नाई. बाई घरी पडली अन् आता टिप्परच्या नावावर खपवून राहिली. साक्षीदार चारही आपल्याच गावचे, ते त्याले पटत नाई. एक्सरे कुठाय?"

"दवाखान्यातून दुसरा आन ना."

"दवाखाना बंद झाला. डॉक्टर रायपूरले गेला, मशीनबी गेली. अन् नवा फोटो काढून फायदा नाई. हाड कवा मोडलं, ते त्यात थोडीच दिसते?"

रामबाईने मारबतीचे सांगितले. राजदीपने कपाळाला हात लावला. "काकू, आमच्या घरी आजोबाच्या काळापासून हे सारं सोडलं. आमाले काय झालं? चाला, मी आनून देतो."

"तू नोको. माह्या हातानं टाकलं, माह्याच हातानं उचलीन," रामबाई म्हणाली. खरे तर तिला भीती वाटत होती. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. चार माणसांच्या देखत हाड मोडले, आणि कोर्टात बाई खोटी?

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आल्यावर ती मोहाखाली गेली. सुपे कुजली होती, झाडूंमधून गवत वर आले होते. एक्सरे मात्र झुडपात उभा अडकलेला, मागून ऊन, आणि त्यात तिचे हाड पांढरेफटक चमकत होते. शेजारी कुबडी. ती तर तिने भिरकावली होती. आता ती खोडाला टेकून उभी होती, कोणी जरा पाणी प्यायला जाताना ठेवावी तशी.

रामबाईने एक्सरे पदराखाली घेतला आणि गावाची वाट धरली. लाखोळीच्या शेतापर्यंत काही नव्हते. मग मागून आले, खट्. घस्स.

ती थांबली, तेही थांबले. ती भरभर चालली, तेही भरभर आले. वळून पाहायची तिची छाती झाली नाही. वेशीपाशी कुत्रे शेपूट घालून बाजूला झाले. किराणावाला गुड्डू दुकानातून ओरडला, "काकू, मांगं कोन आहे हो?"

"कोनी नाई!" रामबाई म्हणाली आणि धावत सुटली.

घराचे दार आतून लावलेले होते. पावलांचा आवाज ऐकून रुचि आतून म्हणाली, "आई, आल्या का? थांबा, उघडून राहिली." कडीवर तिच्या बांगड्या वाजल्या.

"हात नोको लावू!" रामबाई किंचाळली. "रुचि, तुले पोटातल्या लेकराची आन हाय! मांगं सर!"

बांगड्या थांबल्या. रामबाई घराला वळसा घालून परसाकडे गेली. तिकडच्या दाराची साखळी बाहेरून होती. मागे खट्, घस्स आता पार पाठीशी आले होते. तिने स्वतःच्या हाताने साखळी काढली, दार लोटले आणि म्हणाली, "ये. दुसऱ्या कोनाकडं पाहू नोको. माह्या हाडाची हायेस, माह्याच हाडात बस."

घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कळ चढली. ती उंबऱ्यावरच बसली. रुचि धावत आली, तिला काहीच झाले नव्हते. रामबाई तिच्याकडे पाहून रडली, आणि हसलीसुद्धा.

कोर्टात एक्सरे दाखल झाला. अपघाताच्याच दिवसाची तारीख, नाव, हाडाचे दोन तुकडे, सारे स्वच्छ. तरी विमा कंपनीचा वकील म्हणाला, हाड जुळले आहे, बाई लंगडायचे सोंग करते, चालून दाखवू द्या. रामबाई भिंतीला धरून चालली. तिच्या हातात काठीसुद्धा नव्हती, पण फरशीवर आवाज आला, खट्, घस्स. टाइप करणारी मुलगी थबकून जमिनीकडे पाहू लागली. राजदीपचा चेहरा पांढरा पडला. पुन्हा चालायला कोणी सांगितले नाही.

निकाल रामबाईच्या बाजूने लागला. कंपनीने नागपूरला अपील केले आणि सारे कागद तिकडे गेले. मारबतीत टाकायला रामबाईने एक्सरे परत मागितला, तर राजदीप म्हणाला, "अपील संपल्याबिगर भेटत नाई, काकू." हे बोलताना तो हसला नाही.

पुन्हा पोळा आला. पहाटे गल्लीतून आरोळी उठली, "घेऊन जाय गे मारबत!" घरात खट्, घस्स सुरू झाले. आवाज दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा दारापर्यंत गेला. निघायची घाई झाल्यासारखा. रुचि लेकराला छातीशी धरून उठून बसली. "आई, आपन काय टाकाचं?"

"काई नाई. झोप तू," रामबाई म्हणाली. मग तिने ठणकणारा पाय दोन्ही हातांनी मांडीवर घेतला आणि हळूच थोपटला.

"चूप बैस बापा. तुहा फोटो नागपूरच्या कोर्टात हाय. तारीख लागली का जाऊ दोघीबी."