भिंतीबाहेरची मॅच

जर्मनीत येऊन मला दोन वर्षं झाली होती, तेव्हा एका रविवारी आबा फोनवर म्हणाले, "अगं, आपल्या केबलवाल्यानं मॅच नेटवर बी लावलीया. तुला तिकडं दिसंल बघ."

आबा म्हणजे माझे वडील. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत त्यांचा सगळा जन्म गेला. तिथल्या आवाजात ओरडून बोलायची सवय लागली ती लागलीच. निवृत्त झाल्यावरही ते फोनवर असे बोलायचे की मधे फोन नसता तरी चाललं असतं. त्यांना वेड एकाच गोष्टीचं, फुटबॉलचं. बाहेरच्या लोकांना कोल्हापूर म्हटलं की कुस्ती आठवते, पण आमच्याकडं पेठेपेठेतल्या तालमींचेच फुटबॉलचे संघ आहेत आणि थंडी सुरू झाली की निम्मं शहर स्टेडियमवर असतं. मी सहावीत असताना आम्ही पेठेतलं भाड्याचं घर सोडून राजारामपुरीत फ्लॅटमध्ये राहायला आलो. पत्ता बदलला, आबांची तालीम तीच राहिली.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी स्कूटरवर पुढं उभी राहून मीही त्यांच्याबरोबर मॅचला जायचे. आठवीत गेल्यावर आईनं ते बंद केलं. "काय शिव्या देतात तिथं, कानात किडे पडतील," असं तिचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. तेव्हापासून मॅच मला फक्त आबांच्या तोंडून कळायची. संध्याकाळी ते घरी येऊन चहा थंड होईपर्यंत सगळी मॅच पुन्हा खेळून दाखवायचे.

त्यामुळं जर्मनीतल्या त्या छोट्या गावात, जिथं मी पंप बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करत होते, शनिवार-रविवारी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून मी पुन्हा मॅच बघायला लागले. कोल्हापुरात दुपारचे चार वाजलेले असायचे, माझ्याकडं सकाळचे साडेअकरा. एका बाजूला पोळ्या, एका बाजूला मॅच. चित्र काही फार चांगलं नसायचं. अख्ख्या मैदानाला एकच कॅमेरा, छपराच्या गॅलरीवर बसवलेला. समालोचन करणारे दोघं एकमेकांचं वाक्य तोडायचे. मधेच साड्यांच्या दुकानाची जाहिरात, पशुखाद्याची जाहिरात, आणि आमच्याच गल्लीतल्या कोचिंग क्लासची. त्या क्लासच्या पाटीमागं आमच्या इमारतीचा जिना दिसायचा. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा हातातलं लाटणं तसंच राहिलं.

तिसऱ्या की चौथ्या मॅचला मला आबा दिसले.

बॉल डाव्या कोपऱ्यात गेला की कॅमेरा तिकडं वळायचा आणि समोरच्या उघड्या पायऱ्या दिसायच्या. तिथं चौथ्या पायरीवर एक काळी छत्री होती. ती छत्री मी कुठंही ओळखली असती. पेठेतल्या शिवणकाम करणाऱ्या चाचांची ती. आमच्या संघाचे झेंडे वर्षानुवर्षं चाचांनीच शिवले, जर्सीवरचे नंबरही तेच लावायचे. ऊन सोसत नाही म्हणून ते छत्री उघडायचे आणि मागचे सगळे "छत्री मीट" म्हणून बोंबलायचे. चाचा असले की शेजारी आबा असणारच. आणि होतेच. डोक्यावर पंचा, अंगात पांढरा शर्ट. पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढे. पण गोल हुकला की कपाळाला हात लावून खाली बसायची त्यांची पद्धत मला त्या दाण्यातही कळली.

हे मी आबांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मॅच सोडून ते कॅमेऱ्याकडं बघत हात हलवत बसले असते. त्यांना वाटायचं मला फक्त मैदान दिसतं. मी ते तसंच राहू दिलं. आठवड्यातून एकदा, आपण बघतोय हे त्यांना ठाऊक नसताना, वडील दोन तास मजेत बसलेले दिसायचे. परदेशात राहणाऱ्या माणसाला याहून जास्त काय हवं असतं?

पुढच्या हंगामात डिसेंबरातली पहिलीच मॅच. छत्री होती, शेजारी पंचा नव्हता.

वाटलं, पाणी प्यायला गेले असतील. हाफटाइम झाला, दुसरा हाफ संपला, ती जागा मोकळीच. संध्याकाळी फोन केला.

"काय आबा, गेलतासा का मॅचला?"

"गेलतो की! न जाऊन कुठं जातोय?"

"कशी झाली?"

"झाली की झ्याक. तू बघितलीस न्हवं? तुला कसा वाटला गोल?"

आबांनी मला मॅचबद्दल प्रश्न विचारला, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. ते सांगायचे, आम्ही ऐकायचो. मग ते पुढं म्हणाले, "आपल्या गोलकीपरनं शेवटाला काय गोल अडवले, आं? वाघ हाय पोरगा." तो गोलकीपर पहिल्या वीस मिनिटांतच हात धरून बाहेर गेला होता. शेवटी उभा होता तो दुसराच.

पुढच्या मॅचलाही तेच. मी आईला वेगळा फोन केला.

"आई, आबा मॅचला जातात का गं?"

"जातात म्हंजे? जेवण घशाखाली उतरलं न्हाय तर निघतात. दोनला भायेर पडले की सहाला येतात. का गं?"

"काय न्हाय, सहज विचारलो."

आमच्याकडं मुलीसुद्धा 'आलो, गेलो'च म्हणतात. जर्मनीत राहूनही माझ्या तोंडची ती सवय सुटली नव्हती, निदान आईशी बोलताना तरी.

म्हणजे आबा घरातून निघत होते आणि स्टेडियममध्ये पोचत नव्हते. चार तास जात कुठं होते? आठवडाभर माझं कामात लक्ष लागेना. डोक्यात नको नको ते यायचं. शेवटी मी चाचांना फोन लावला. त्यांच्या दुकानात मशीन चालू होतं. मी विचारलं तसं ते थांबलं.

"तुला कुणी सांगितलं?" चाचा म्हणाले.

"मला दिसतंय चाचा. तुमची छत्री दिसते, आबा दिसत न्हाईत."

चाचांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "त्याला सांगू नको मी बोललो म्हणून. गुडघं गेल्यात गं त्याचं. त्या पायऱ्या केवढ्या उंच, तुला ठाऊक हाय. गेल्या हंगामात शेवटच्या मॅचला दुसऱ्या पायरीवरच अडकला. वर जाईना, खाली येईना. मागं ही लाईन. मागचा एकजण म्हणाला, आजोबा, उचलून ठेवू का वर? लोक हसली. त्यानं काय वाईट मनानं म्हटलं न्हवतं. त्या दिशी कसाबसा वर आला, पण तुझा बाप तवापास्नं आत आला न्हाय."

"मग बसतात कुठं?"

"भायेर. भिंतीला लागून रसवंती हाय न्हवं, तिथल्या बाकड्यावर. हाफटाइमला मी जाऊन सांगून येतो काय काय झालं ते. बाकीचं आवाजावरनं समजून घेतो."

मी फोन ठेवला. राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. त्या पायऱ्यांवरच्या माणसाचा नव्हे, आबांचाही नव्हे. थोडा माझाच असावा. मागच्या हंगामात मी त्यांना दर आठवड्याला बघत होते. ते उठताना चाचांच्या खांद्यावर हात टेकायचे हेही मला दिसत होतं. मला तो दोस्तीचा हात वाटला होता.

आईला सांगावं की नाही, ठरेना. आबांना सरळ विचारलं असतं तर त्यांनी फोनच आईकडं दिला असता. पुढच्या रविवारी मॅच सुरू होऊन दहा मिनिटं झाल्यावर मी त्यांना फोन लावला. मॅच चालू असताना मी कधीच करत नसे.

"काय गं? बरं हाय न्हवं?" आबा दचकले होते. मागून रिक्षाचा हॉर्न ऐकू आला आणि उसाच्या चरकाची घुंगरं.

"बरं हाय. मॅच बघालोय. तिकडं गर्दी काय म्हणती?"

"लई गर्दी. पाय ठेवाय जागा न्हाय."

मला पुढं खोटं बोलवेना. "आबा," मी म्हटलं, "मला इथनं तुमची जागा दिसते. चाचांच्या शेजारची. डिसेंबरपासनं मोकळी हाय."

पलीकडं घुंगरं वाजत राहिली. आबा फोन ठेवतील असं वाटलं. त्यांनी ठेवला नाही. म्हणाले, "पाठीमागचं एवढं दिसतंय व्हय त्यात?"

"दिसतंय की."

"घरात टीव्हीवर बघितली असती गं. पर तुझी आई विचारणार, आज का गेला न्हाय. मग दवाखाना. मग तुला फोन. मग तू रजा काढून येणार. कशाला ते सगळं?"

मी काहीतरी उत्तर देणार तेवढ्यात फोनमधून मोठा गलका आला.

"गोल!" आबा ओरडले. "गोल झाला! आपला!"

मी लॅपटॉपकडं बघितलं. बॉल अजून मैदानाच्या मधे होता, दोघं जण त्यावरून ढकलाढकली करत होते. "न्हाय झाला आबा. बॉल मधेच हाय."

"अगं झाला म्हणतोय न्हवं. आपल्या बाजूनं आवाज आला. मला आवाज कळतोय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. नेटवरची मॅच अर्धा मिनिट मागं होती. भिंतीपलीकडं बसलेल्या आबांना गोल कळला होता, पण दिसणार नव्हता. मला दिसणार होता, पण अजून झालाच नव्हता.

"थांबा आबा, बोलू नका," मी म्हटलं. "आला. आपल्या सात नंबरनं घेतला. एकाला काढला. डावीकडं दिला. त्यानं परत आत मारला, सात नंबर धावत आला आणि... डोक्यानं. डोक्यानं मारला आबा! उजव्या खांबाला लागून आत!"

"डोक्यानं?" आबा म्हणाले. "त्या बुटक्यानं?"

"त्यानंच. उडी बघायला पायजे होती."

"डोक्यानं," ते पुन्हा म्हणाले आणि हसायला लागले. रसवंतीवाल्यालाही सांगितलं, "ऐकलंस काय, डोक्यानं मारलाय." मग मला म्हणाले, "फोन ठेवू नको."

उरलेली मॅच आम्ही अशीच बघितली. गलका झाला की आबा म्हणायचे, "आता काय तरी व्हतंय बघ," आणि मी वाट बघायची. कधी कॉर्नर असायचा, कधी हुकलेला फटका, एकदा नुसतंच कुत्रं मैदानात शिरलं होतं. माझ्या पोळ्या करपल्या. हाफटाइमला चाचा बाहेर आले आणि नेहमीप्रमाणं सांगायला लागले, तर आबांनी त्यांना मधेच थांबवलं. "मला ठाऊक हाय सगळं. जर्मनीहनं कळलंय." चाचांनी फोन हातात घेऊन "बेटा, तू सांगितलंस होय त्याला?" असं हळूच विचारलं. मी म्हटलं, तुमचं नाव घेतलं नाही.

त्या हंगामातल्या पुढच्या पाचही मॅच आम्ही फोनवर बघितल्या. पाचव्या मॅचनंतर मी म्हटलं, "आबा, आईला तुम्ही सांगताय का मी सांगू?" ते म्हणाले, "मीच सांगतो." सांगितलं. आईनं दोन दिवस अबोला धरला. गुडघ्याचं तिला फार वाटलं नव्हतं. "दोन-तीन महिने लोकांच्या बाकड्यावर बसला, आणि मी हितं शेजारणीला सांगत होतो, आमचे मॅचला गेल्यात," हे तिला लागलं होतं. मग तिनंच दवाखान्याची चिठ्ठी काढली.

जूनमध्ये एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी तीन आठवडे रजा काढून गेले, म्हणजे आबांना जे टाळायचं होतं ते सगळं झालंच. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज सकाळी यायची आणि आबा तिच्यावर ओरडायचे. ती त्यांच्याहून मोठ्यानं ओरडायची. दुसऱ्या आठवड्यात ते काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेले. मी मागून चालत होते, हात न धरता. हात धरायचा नाही असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

उंच पायऱ्या मात्र डॉक्टरांनी बंदच केल्या. नव्या हंगामात तालमीच्या लोकांनी छपराच्या गॅलरीत त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवली. आधी ते नको म्हणाले, फुकटात कशाला म्हणाले, मग गेले. चाचाही चौथी पायरी सोडून त्यांच्या शेजारी आले. ती गॅलरी बरोबर कॅमेऱ्याच्या खाली आहे. त्यामुळं आता मला दोघंही दिसत नाहीत. समोरच्या पायऱ्यांवर तरुण पोरं असतात, छत्री नसते. पहिल्या एक-दोन मॅचला मी उगाच तिकडं बघत राहिले. नंतर सवय झाली.

संध्याकाळी आबांचाच फोन येतो. पुन्हा पहिल्यासारखी सगळी मॅच सांगतात. मला काही विचारत नाहीत. गेल्या रविवारी पेनल्टीवरून आमचं वाजलं. मी म्हटलं, बॉल आपल्या माणसाच्या हाताला लागला होता, नेटवर दोनदा दाखवलं.

"तुझा कॅमेरा कुठं असतोय? वर," आबा म्हणाले. "मी खाली बसलोय. हातभर लांबनं गेला बॉल. हात लागलाच न्हाय."

"लागला आबा. स्पष्ट दिसतंय."

"चाचाला विचार."

शेजारी बसलेल्या चाचांना त्यांनी फोन दिला. चाचा म्हणाले, नेमके त्याच वेळी ते चहा आणायला गेले होते.